फुलराणीचा जीर्णोद्धार

ह्या सदरात आजवर पुष्कळांच्या छंदांची हजेरी लागली. पोस्टाची तिकिटे जमविणारे, बंद पडलेली घड्याळे उघडून बसणारे, गच्चीवर गुलाब फुलविणारे, असे सगळे येऊन गेले. त्यांच्याविषयी लिहिताना मी एक पथ्य पाळीत आलो. दुरून पाहावयाचे, कौतुक करावयाचे, एखादा शेरा मारावयाचा आणि आपल्या घरी परत यावयाचे. त्या छंदात आपला हात म्हणून घालावयाचा नाही. यंदा ते पथ्य मोडले. त्याला कारण आमचे मेहुणे.

धाकट्या बहिणीचे हे यजमान १९७९ साली इंजिनिअर होऊन अमेरिकेत गेले आणि न्यू जर्सीत स्थायिक झाले. माणूस हिशेबी, चहात साखरसुद्धा मोजून घालणारा. अशा माणसाने १९८१ साली, अजून लग्न व्हावयाचे असताना, नऊ वर्षे वापरलेली एक नारिंगी रंगाची जपानी मोटार विकत घेतली. डॅटसन २४०-झेड, १९७२ची. लांबलचक नाक, आखूड पाठ आणि बसावयास जागा फक्त दोघांना.

माझी बहीण १९८३च्या जानेवारीत तिकडे गेली, ती विमानतळावरून घरी ह्याच गाडीतून. बाहेर बर्फ, गाडीत मागे दोन ट्रंका आणि हिच्या पायाशी आमच्या आईने दिलेली लोणच्याची बरणी. एका वळणावर गाडी घसरली आणि बरणी फुटली. "सासरी पाऊल टाकायच्या आधी लोणच्यात पाऊल टाकलं," असे ती अजूनही सांगते. १९८५ साली आमची भाची जन्मली. दोन जागांच्या गाडीत तिघे बसणार कसे? चार दारांची एक मुकाट गाडी घरात आली, आणि नारिंगी मोटार त्याच वर्षीच्या पानगळीत गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली गेली. विकली मात्र नाही. दरवर्षी बहीण विचारी, दरवर्षी मेहुणे "बघू" म्हणत. अशी सदतीस वर्षे गेली.

आम्ही उभयता २०२२च्या उन्हाळ्यात तिकडे गेलो तेव्हा मेहुणे नोकरीतून निवृत्त झाले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गॅरेजचे दार वर ढकलले आणि ताडपत्री ओढली. मी बँकेत जन्म काढलेला माणूस; मोटारीतले मला एवढेच कळते की ती चालली तर पुढे जाते. पण ती आकृती पाहून मीही क्षणभर उभा राहिलो. मांजर उडी घ्यायच्या आधी दबते तशी ती दिसत होती. मग मेहुण्यांनी एक स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि आतल्या तळाच्या पत्र्यावर हलकेच टेकविला. तो सबंध आत गेला आणि खाली फरशीवर टेकला.

ह्या मोटारीचे कुळ थोडे सांगतो, म्हणजे मेहुण्यांचा वेडेपणा अगदीच निराधार वाटावयाचा नाही. १९६० साली निस्सान कंपनीने युटाका काटायामा नावाच्या गृहस्थांना अमेरिकेत धाडले. जपानी मोटार म्हणजे स्वस्त आणि तकलादू अशी त्या वेळी तिकडे समजूत. वेगाच्या हौशी गाड्या इंग्लंडने कराव्या, जर्मनीने कराव्या. जपानने आपले रेडिओ करावेत! काटायामांचे म्हणणे असे की, सामान्य पगारदाराला परवडेल, रोज कामावर नेता येईल आणि रविवारी मन रमवील अशी गाडी आपण केली पाहिजे. तिकडे जपानात योशिहिको मात्सुओ ह्यांच्या हाताखालच्या मंडळींनी तिचे रूप घडविले. १९६९च्या अखेरीस ती जपानात बाहेर पडली आणि लगोलग अमेरिकेत आली. किंमत ३,५२६ डॉलर. सहा सिलिंडरचे, २,३९३ घन सेंटिमीटरचे इंजिन, पुढे डिस्क ब्रेक, चारी चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा. ह्या दामाला एवढा माल दुसरा कोणी देत नव्हता. लोक प्रतीक्षायादीत नावे घालू लागले. (त्याच सुमारास आपल्याकडे फियाटसाठी आणि स्कूटरसाठी याद्या लागलेल्या होत्या, पण त्यांचे कारण निराळे होते!) पुढे २६०-झेड आणि २८०-झेड अशा तिच्या बहिणी आल्या, आणि १९७८ पर्यंत ह्या घराण्याच्या पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या.

जपानात तिचे नाव मात्र 'फेअरलेडी झेड'. निस्सानच्या त्या वेळच्या अध्यक्षांना 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक फार आवडले होते, म्हणून त्यांनी हे नाव आपल्या गाड्यांना दिले. काटायामांना ते मुळीच पसंत नव्हते. वेगाच्या गाडीला असले नाजूक नाव अमेरिकेत चालावयाचे नाही, म्हणून त्यांनी तिकडे आलेल्या गाड्यांवरची ती अक्षरे उतरवून '२४०-झेड' अशी लावली. गृहस्थ २०१५ साली वारले तेव्हा १०५ वर्षांचे होते. आता 'माय फेअर लेडी'चे मूळ शॉचे 'पिग्मॅलियन', आणि त्याच 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' लिहिले, जे १९७५ साली रंगभूमीवर आले. हा धागा मेहुण्यांनी बरोबर पकडला. त्यांच्या घरी गाडीचे नाव फुलराणी. माझी बहीण तिला 'सवत' म्हणते.

नाजूक नावाच्या ह्या बाईने केलेला एक पराक्रम मला फार आवडला. पूर्व आफ्रिकेतील सफारी रॅली म्हणजे हजारो किलोमीटर धूळ, चिखल आणि दगड. ती ह्या गाडीने १९७१ साली जिंकली आणि पुन्हा १९७३ साली. दुसऱ्या खेपेस चाकावर होता शेखर मेहता, युगांडात जन्मलेला आपला गुजराती माणूस. १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना देशाबाहेर काढले, तेव्हा मेहता कुटुंब केनियात आले. आणि पुढच्याच वर्षी हा गडी रॅली जिंकून मोकळा झाला. तीही किती चुरशीने! दुसऱ्या एका डॅटसनवाल्याचे आणि ह्याचे दंडगुण अगदी सारखे भरले. मग अधिक दूरवर बिनदंड कोण गेला होता ते पाहिले, आणि मेहताच्या गळ्यात माळ पडली. पुढे १९७९ ते १९८२ अशी लागोपाठ चार वर्षे ती रॅली त्यानेच जिंकली, दुसऱ्या गाड्यांवर. मेहुण्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर त्या धुळकट गाडीचे चित्र लावलेले आहे.

पण आफ्रिकेच्या दगडांना न भ्यालेली ही गाडी मिठापुढे हरते. न्यू जर्सीत हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. त्या काळच्या पत्र्याला आजच्यासारखा गंजरोधक लेप नसे. पाणी आणि मीठ बॅटरीच्या तबकाखाली, दारांखालच्या उंबऱ्यात, मागच्या चाकांच्या कमानीत, तळाखालच्या लांब पट्ट्यांत शिरून बसते आणि आतून खात राहते; वर रंग छान तकतकीत! अशी गाडी घेणाऱ्याने आधी खाली आडवे व्हावे आणि मग वरून पाहावे, असे मेहुणे सांगतात. विवाहाच्या बाजारातही हा सल्ला वाईट नाही, पण ते असो.

गाडी खोलावयास आम्ही जूनमध्ये सुरुवात केली. 'आम्ही' म्हणतो, कारण माझ्याकडे एक काम आले. निघालेला प्रत्येक नट, खिट्टी, बिजागरी लहान पिशवीत घालावयाची आणि वर चिठ्ठी चिकटवावयाची. मी बँकेच्या सवयीने बारीक, सुबक अक्षरात मराठीतून लिहीत गेलो : 'उजवे दार, वरची बिजागरी, आतले दोन', 'बॉनेटची कडी, वायसरसह'. चारशेबारा पिशव्या झाल्या. डाव्या बाजूच्या चालकाशेजारची सतरंजी काढली तेव्हा पत्र्याच्या खळगीत काळे पडलेले काही दाणे निघाले. मेहुण्यांनी ते हातावर घेतले. मोहरीची डाळ! बहिणीला हाक मारली, तर ती म्हणाली, "म्हणजे पत्रा सडला तो तुमच्या रस्त्यावरच्या मिठानं नाही; आईच्या लोणच्याच्या मिठानं." त्यावर तिघेही इतके हसलो की शेजारीण डोकावली.

ह्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चौकट नसते. तळ, उंबरे आणि टप मिळूनच तिचा सांगाडा. सगळा सडका पत्रा एकदम कापला तर धड मध्येच वाकते आणि मग दारे लागत नाहीत. म्हणून दारांच्या चौकटीत आडव्या सळया जोडून आधी तिला धीर द्यावयाचा, एक बाजू कापून, नवा पत्रा बसवून, दार लावून फट पाहावयाची, आणि मगच दुसऱ्या बाजूला हात घालावयाचा. हे वेल्डिंग शेजारच्या गावच्या एका जुन्या कारागिराने केले, आणि छान केले. टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा चक्क वार्निश झाला होता. ब्रेकचे सिलिंडर सगळे जाम. ते पहिल्याने नवे घातले. चालण्याआधी थांबण्याची सोय, हा मेहुण्यांचा नियम मला पटला.

खरा घाव निघाला तो इंजिनात. १९८५च्या उन्हाळ्यात रेडिएटर गळत होता, म्हणून मेहुणे त्यात साधे पाणी घालीत राहिले आणि तशीच गाडी उभी करून ठेवली. पाणी गोठले की फुगते. ब्लॉकच्या कडेला केसाएवढी चीर, बोटभर लांब. तिच्यावरून नख फिरवीत ते बराच वेळ बसले. चूक दुसऱ्या कुणाची असती तर दोन शिव्या देता आल्या असत्या.

इथे ह्या छंदातला मोठा वाद येतो. ह्या गाडीच्या इंजिनावर एक क्रमांक ठोकलेला असतो आणि बॉनेटखालच्या एका पट्टीवरही तोच. दोन्ही जुळले तर गाडी कुलीन. न जुळले तर बाटली. सोवळे पाळणाऱ्यांना स्क्रूसुद्धा मूळचा हवा. त्यात अर्थव्यवहारही आहे : २०२०च्या जानेवारीत १९७१ची एक निष्कलंक २४०-झेड लिलावात ३,१०,००० डॉलरांना गेली. दुसरा पंथ म्हणतो की २८०-झेडचे २,७५३ घन सेंटिमीटरचे इंजिन त्याच खुंट्यांवर बसते, जोरही अधिक देते; घाला आणि चालवा. मेहुणे पक्के सोवळ्यातले. त्यांनी चीर सांधणारा कारागीर शोधावयाचा, नाहीतर त्याच सालचा ब्लॉक मिळवावयाचा असे ठरविले. आम्ही ऑक्टोबरात परतलो तेव्हा गाडीचे धड रंगाविना उभे होते, आणि इंजिन एका लाकडी घोडीवर.

पुढच्या वर्षात विशेष काही घडले नाही. ब्लॉक मिळाला, तो चुकीचा निघाला, परत गेला. अशा बातम्या येत राहिल्या. मग २०२४च्या फेब्रुवारीत एका रात्री मेहुण्यांचा फोन आला. "दादा, तुमच्या चिठ्ठ्या मला वाचता येत नाहीत हो."

मी रागावलो. म्हटले, माझ्या अक्षरावर चाळीस वर्षांत एकाही मॅनेजरने बोट ठेवले नाही! ते काही बोलले नाहीत. मग बहिणीने फोन घेतला. दुसऱ्या खोलीत जाऊन बोलत असावी. "दादा, अक्षराचं नाही. ह्यांच्या डोळ्यांचं आहे." दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत चालला होता. कडेचे दिसते, मधले पुसट होते. डॉक्टरांनी सांगितले होते की अजून दिवसाउजेडी गाडी चालविण्यास हरकत नाही. दर तीन महिन्यांनी तपासू, पण हे किती दिवस चालेल त्याचा शब्द देत नाही. "चिठ्ठ्या मी वाचून दाखवीन म्हटलं तर ऐकत नाहीत," ती म्हणाली. "म्हणतात, दादांनी लिहिल्यात, दादाच वाचतील."

मे महिन्यात आम्ही पुन्हा तिकडे. मी पाहतो तो घोडीवर दुसरेच इंजिन! अपघातात मोडलेल्या एका १९७८च्या २८०-झेडमधले, सातशे डॉलरांचे. मेहुण्यांनी सोवळे सोडले होते. मी काही विचारले नाही. चीर गेलेला जुना ब्लॉक मात्र त्यांनी भंगारात दिला नाही. तो पुसून, तेल लावून कोपऱ्यात ठेवला आहे. माझे मत विचाराल तर त्यांनी केले तेच बरोबर केले. क्रमांक जुळविण्याच्या नादात पाच-पाच वर्षे घोडीवर राहिलेल्या गाड्या मी तिकडे दोन पाहिल्या. त्यांचे मालक फार ज्ञानी आहेत.

उन्हाळाभर मी चिठ्ठ्या वाचल्या आणि त्यांनी पान्हे फिरविले. त्यांचे हात एवढे शिकलेले, की बोटांनी चाचपून कुठला नट किती दाताचा ते सांगत. टॅपेट बसविताना मात्र फीलर गेजवरचे आकडे मी वाचावयाचे. थंड इंजिनास आत घेणाऱ्या झडपेला ०.२० मिलिमीटर, बाहेर टाकणाऱ्या झडपेला ०.२५. पात किती अडते ते हात सांगतो, डोळा नव्हे. बारा झडपा त्यांनी एका सकाळीत बसविल्या. ऑगस्टमध्ये रंग झाला, तोच नारिंगी.

राहिले कार्ब्युरेटर. जुन्या गाडीचेच दोन, इंग्रजी एस.यू. पद्धतीचे पण जपानात हिताचीने केलेले. एकेक तीन सिलिंडरांना पाजतो. दोघांनी अगदी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन लंगडते. हे मोजावयाचे एक उपकरण असते, काचेच्या नळीत एक गोळी वर चढते. मेहुणे वाकले, कडेने पाहिले, तिरके पाहिले, आणि ते उपकरण फडक्यात गुंडाळून ठेवले. मग रबरी नळीचा एक हातभर तुकडा माझ्या हातात दिला. "जुने मेकॅनिक असंच करायचे. एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, एक कानाशी. दादा, जरा कान द्या."

आमच्या घरी वडिलांचा तंबोरा होता. लहानपणी जोडाच्या तारा जुळविण्याचे काम माझ्याकडे असे. वाचकहो, तेच हे! एका तोंडात सूंऽ असा आवाज, दुसऱ्यात त्याहून किंचित खरखरीत. मी "पुढचा वर, अजून, थांबा, किंचित खाली" म्हणत गेलो आणि मेहुणे स्क्रू केसाकेसाने फिरवीत गेले. दोन्ही फुत्कार एकमेकांत मिसळून गेले तेव्हा मी हात वर केला. मग मिश्रणाची परीक्षा. कार्ब्युरेटरमधला दट्ट्या बारीक काडीने किंचित उचलावयाचा : वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन मान टाकू लागले तर कमी, आणि क्षणभर वाढून पुन्हा बेताला आले तर बरोबर. हेही कानानेच. सहा सिलिंडर एक-पाच-तीन-सहा-दोन-चार ह्या क्रमाने पेटतात; ते सारे नीट जुळले तेव्हा मला चक्क दादरा ऐकू आला. मेहुणे डोळे मिटून उभे होते. बहीण स्वयंपाकघरातून आली, दारात थांबली आणि म्हणाली, "सवत बोलायला लागली वाटतं."

भाची शनिवार-रविवार बोस्टनहून येई. क्लच दाबून गिअर बदलण्याची सवय ह्या पिढीला नाही. रस्त्याच्या तोंडाशी तिने इंजिन नऊ वेळा बंद पाडले. बाप शेजारी बसून म्हणे, "घाई नाही, घाई नाही." घाई कुणाला होती ते आम्हा सर्वांना ठाऊक होते.

ऑक्टोबरच्या एका सकाळी, ऊन स्वच्छ असताना, मेहुण्यांनी स्वतः गाडी बाहेर काढली. दोनच जागा. मला वाटले, इतक्या चिठ्ठ्या वाचल्या, पहिला मान माझा असेल. पण मी आपण होऊन गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो. बहीण साडी नेसून आली. पायाशी काही ठेवावयाचे नाही, अशी अट तिने घातली. वीस मिनिटांत येतो म्हणून गेली दोघे, ती दीड तासाने परतली. आमची सौभाग्यवती तीन वेळा रस्त्यावर जाऊन पाहून आली. मी एकदाच गेलो, पण मनातून दहा वेळा.

बहीण उतरली ती विस्कटलेला अंबाडा सावरीत. कुठे गेला होता विचारले तर म्हणाली, "विमानतळाच्या रस्त्यानं." आणि मग पदर नाकाशी नेऊन, "ईऽ! सगळ्या साडीला धुराचा वास."

मेहुण्यांनी सांगितले की ह्या गाडीचा तो जुना दोष आहे. गाडी वेगाने गेली की पाठीमागे हवा विरळ होते आणि मागच्या दाराच्या रबरात फट असेल तर धूर आत ओढला जातो. धूर अंगाला बरा नव्हे, तेव्हा रबर बदलल्याशिवाय पुन्हा गाडी काढू नये असे ठरले. मी आत जाऊन एक नवा कागद घेतला, जाड पेनाने बोटभर उंचीच्या अक्षरात 'मागच्या दाराचे रबर' असे लिहिले आणि ती चिठ्ठी स्टिअरिंगला बांधली. मेहुण्यांनी मान तिरकी केली, कडेने पाहिले आणि मोठ्याने वाचून दाखविली.